सुबरावचा रिकामा सापळा

एका गावात एक भोळा सुबराव राहायचा. भोळा हे गाव तोंडावर म्हणायचं. पाठीमागं दुसरा शब्द होता.

त्यानं मका पेरला, तेव्हाच बायको इंदूनं बजावलं, "गेल्या साली अळीनं मका खाल्ला. यंदाही गेला, तर म्हशी घेऊन माहेरी जाईन. तुम्हाला नेणार नाही."

सुबरावला घाम फुटला. तो कृषी सहायक शेलार मॅडमकडं गेला. मॅडमनी कामगंध सापळा दिला.

"यातल्या गोळीला मादी पतंगाचा वास असतो. त्या वासानं नर येतो आणि आत अडकतो."

"आणि मादी?"

"मादी नसतेच. नुसता वास."

सुबराव हळहळला. गावातली निम्मी लग्नं अशीच जमली होती, पण ते जाऊ द्या.

"पिकाच्या वर हातभर टांगा," मॅडम म्हणाल्या. त्यानं टांगला. मका वाढला, सापळा पानांत बुडाला. मॅडम वैतागल्या. "अहो, वाढेल तसं वर घ्यायचं."

सुबराव घरी आला. झोळीतलं लेकरू चांगलंच वाढलं होतं. त्यानं झोळी पार आढ्याला नेऊन बांधली. इंदू रानातून आली, तर लेकरू वर चिमण्यांशी बोलत होतं.

"कर्म माझं," ती म्हणाली. "वाढलं की खाली घ्यायचं असतं हो."

बायको म्हणते ते खरं. सुबराव उठला आणि सापळा उतरवून जमिनीवर ठेवला. त्यात एक बेडूक शिरला आणि तिथंच राहू लागला.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "सापळा वरच टांगा. रोज सकाळी बघा. पतंग दिसले म्हणजे अळी येणार, लगेच मला सांगा. रिकामा असला म्हणजे काळजी नाही."

या वेळी सुबराव चुकला नाही. रोज सकाळी फोन करायचा, "रिकामा." मॅडम खूश. इंदू तर इतकी खूश, की त्याला भाकरीवर साय मिळू लागली.

पंधरवड्यानं मॅडम स्वतः बघायला आल्या. मक्याच्या पानांची चाळण झालेली, शेंड्याच्या पोंग्यापोंग्यात अळ्या. इंदू सरळ म्हशींची दावी सोडायला निघाली.

"सुबराव, सापळा खरंच रोज रिकामा होता?"

"अगदी. पहाटे उठून मी स्वतः रिकामा करतो. बिचारे पतंग हळूच मक्यात सोडतो."

मॅडम मटकन बांधावर बसल्या. "पण शेजाऱ्यांचे सापळेही रिकामेच होते की हो."

"असणारच," सुबराव म्हणाला. "आपलं तेवढं बघून कसं चालेल? अख्ख्या शिवारातले मीच रिकामे करतो."