तीन एक्क्यांचा हात

“…आणि हातात तीन एक्के आले, तर काय करशील?” खेमगीरबुवांनी विचारलं.

“काहीच नाही,” त्र्यंबकराव म्हणाले. “कंटाळल्यासारखा बसेन. समोरच्याला वाटू द्यायचं, याच्याकडे काही नाही. मग तो आपणहून चाली करत पुढे येतो. पुरता आत आला की पत्ते उघडायचे.”

त्र्यंबकराव मामलेदार कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले होते. लोकांना ताटकळत ठेवण्याचा तीस वर्षांचा अनुभव होता. आता दर गुरुवारी दुपारी ते ज्ञान मिळवायला मठात बुवांकडे येत आणि तीन पत्ती खेळत. मठाच्या नियमांत पत्त्यांचा उल्लेख नव्हता. म्हणजे मनाईही नव्हती. पैशांऐवजी चिंचोके असत.

दोघांनी एकेक चिंचोका मध्ये टाकला. बुवांनी पत्ते वाटले.

त्र्यंबकरावांनी आपले पाहिले, छातीशी धरले आणि जांभई दिली.

“मुलीचं पत्र आलं होतं म्हणालास,” बुवा म्हणाले.

“तीन आली. लग्न आमच्या मनाविरुद्ध केलंन. चार वर्षांनी पहिलं पत्र. ‘अण्णा, येऊ का?’”

“राग होता?”

“राग कसला… पाकिटावरचं अक्षर पाहिलं तेव्हाच गेला. ‘ये’ म्हणून कार्डही लिहिलं.”

“टाकलं नाहीस.”

“लगेच? म्हटलं, अजून एक पत्र येऊ दे. जरा वाकू दे. दुसरं आलं. तिसऱ्यात दुखण्याचं लिहिलं होतं. म्हटलं, आता स्वतःच येईल…”

“मग?”

“चौथं जावयाचं आलं.”

“…कधी गेली?”

“चैत्रात.”

त्र्यंबकरावांचा चेहरा हलला नाही. नोकरीत लागलेली सवय पेन्शनीतही चालू राहते.

“आणि ते कार्ड?”

“आहे.” पत्ते धरलेला हात त्यांनी सदऱ्याच्या खिशावर दाबला. “माझं काय चुकलं, बुवा? मी तिला नाही म्हटलंच नव्हतं. एकदाही नाही.”

बुवांनी आपले पत्ते न बघताच पालथे घातले.

“पॅक.”

“हे काय! मी अजून एकही चाल केली नाही. माझ्याकडे तर…”

“घे. डाव तुझा.”

मध्ये दोन चिंचोके होते. त्यातला एक त्र्यंबकरावांचाच.

त्र्यंबकरावांनी ते उचलले नाहीत. पत्ते तसेच छातीशी होते.



“त्र्यंबका, समोरचं माणूस उठून गेलं. आता कुणापासून लपवतोस?”