अंगठ्याला बांधलेलं मांजर

फार फार जुनी गोष्ट आहे. त्या काळी पाखरं आणि जनावरं बोलत असत, आणि माणसांना त्यात काही नवल वाटत नसे. पाखरांना आणि जनावरांना नवल वाटायचं ते एवढंच, की माणसं आपलं ऐकत का नाहीत.

तर त्या काळी एका माळावर घोंगड्या विणणाऱ्यांचं एक गाव होतं. घरोघरी माग. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून विणकर बसलेला, आणि समोर लोकरीच्या उभ्या धाग्यांचा ताणा. धागा ताठ राहावा म्हणून ताण्याला चिंचोक्याची खळ लावायची. ही खळ आपल्याला काही गोड लागायची नाही, पण उंदरांना ती पंचपक्वान्नासारखी. म्हणून ज्या घरात माग, त्या घरात मांजर. आणि प्रत्येक दाराच्या तळाशी मांजराला येण्याजाण्यापुरतं एक भोक. त्याला म्हणायचे मांजरवाट.

गावात आणखी एक रीत होती. बायका विणायला बसल्या की पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून ठेवत. हात मागावर, पाय पाळण्यावर. दोरी हलली म्हणजे बाळ जागं, दोरी थांबली म्हणजे बाळ झोपलं. मान वळवून बघायचीही गरज नाही. कितीतरी पिढ्या अशाच अंगठ्यावर वाढल्या होत्या, आणि गावाला या दोरीचा मोठा अभिमान होता.

गावाच्या कडेला एक तरुण विणकरीण एकटीच राहायची. आईबाप मागेच गेलेले. माग त्यांचा, हात मात्र तिचा, आणि हात फार चांगला. पण स्वभाव भित्रा. कडी वाजली की दचकायची. कौलावर कावळा बसला की दचकायची. कुणी मागून हाक मारली तर हातातला विणायचा धोटा उडून थेट चुलीपाशी पडायचा. तिला नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. सारं गाव तिला दचकीच म्हणायचं.

दचकीजवळ एक मांजरी होती. अंगाने पांढरी, पाठीवर पिवळसर डाग, म्हणून नाव कवडी. घरात बोलायला तेवढं एकच माणूस, असं दचकी म्हणायची.

आदल्या वर्षी तिचं पहिलं मांजर संध्याकाळचं ओढ्याकडे गेलं, ते आलंच नाही. करवंदीच्या जाळीत थोडे केस सापडले, बाकी काही नाही. तेव्हापासून दचकीच्या मनाने घेतलं होतं, की कवडीही एक दिवस अशीच जाणार. विचार करकरून तिची झोप उडाली. शेवटी तिने एक चपटा धोंडा आणला आणि मांजरवाट बुजवून टाकली.

“हे काय?” कवडीने विचारलं.

“बाहेर कुत्री आहेत.”

“बाहेर ऊनही आहे.”

“साप आहेत, घारी आहेत, ओढा आहे.”

“ओढ्यात मी कशाला पडेन? मला काय आंघोळीची आवड आहे?”

“तू गप बैस गं बाई. इथे दूध आहे, ऊब आहे, मी आहे. आणखी काय हवं?”

कवडी गप बसली. आणि तीच पुढे अडचण झाली. ती दिवसभर त्या धोंड्याकडे तोंड करून बसू लागली. वाटीतल्या दुधावर साय धरे. उंदीर समोरून जाई, तरी ही मान वळवत नसे. मग एका सकाळी ती उठली आणि नखं काढून ताण्यावर तुटून पडली. दचकी ओरडेपर्यंत अर्धा ताणा लोंबत होता.

“तू मला जपतेस की पुरतेस,” कवडी धापा टाकत म्हणाली, “एवढं एकदा सांगून टाक.”

दचकीला रडू आलं. ती शेजारच्या मावशीकडे गेली. मावशी अंगणात लोकर पिंजत बसल्या होत्या आणि त्यांची तीन मांजरं कुठे होती ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

“अगं पोरी,” मावशी म्हणाल्या, “मांजर म्हणजे काय लोणच्याची बरणी आहे, फडक्याने तोंड बांधून फळीवर ठेवायला? सोड तिला. देवाने चार पाय दिलेत ते बसायला नाही दिले.”

“पण मावशी, गेली म्हणजे?”

“गेली तर गेली. एक जातं, दुसरं येतं.”

हे ऐकून दचकीच्या अर्ध्या मनाला पटलं आणि अर्धं हादरलं. म्हणून ती पलीकडच्या तेलीणकाकूंकडे गेली. काकूंचा बोका उंबऱ्याच्या आत पालथा पडला होता. त्याला एकच कान होता.

“बघ,” काकू म्हणाल्या, “दुसरा कान कुठे आहे ते ओढ्यापलीकडच्या बोक्याला विचार. तेव्हापासून याला उंबरा नाही ओलांडू दिला. आता तो आपला खातो आणि झोपतो.”

“सुखात असतो ना?”

“ते मी त्याला विचारलं नाही,” काकू म्हणाल्या. “आणि हे बघ, त्या तुझ्या शेजारच्या बयेचं ऐकून मांजर सोडशील, तर मग रडत माझ्या दारात येऊ नकोस.”

दचकी घरी आली तेव्हा कवडी धोंड्याकडे तोंड करूनच बसली होती. तिने धोंडा बाजूला केला. कवडी एकदाही मागे न बघता बाहेर गेली.

दुपारी ती परतली ती तोंडात काहीतरी धरून. तिने ते मोठ्या अभिमानाने दचकीच्या पायाशी ठेवलं. बुलबुलाचं पिल्लू होतं, अजून नीट पंखही न फुटलेलं. अंगणात शेवग्याचं झाड होतं आणि त्याच्या पलीकडे कुंपणापाशी अडुळशाचं झुडूप. त्या झुडपातून बुलबुलीण ओरडत बाहेर आली.

“तुझ्या मांजराचा फेरफटका होतो, आणि इथे माझं घर बसतं! तुला सांभाळता येत नाही, तर पाळायचं कशाला?”

दचकीने पिल्लू ओंजळीत घेतलं, पण त्यात काही उरलं नव्हतं. मांजर घरात ठेवावं तर मांजर झुरतं. बाहेर सोडावं तर दुसऱ्याचं लेकरू जातं, आणि आज ना उद्या आपलंही जाणार. करावं तरी काय?

आणि मग तिला विणकराला सुचावं तेच सुचलं.

तिने मऊ लोकरीचा पीळ घालून एक लांब दोरी वळली. गळ्याला बांधली तर फास बसेल, म्हणून पोटाभोवती घ्यायला रुंद पट्टा विणला. दोरी शेवग्यापर्यंत जाईल पण अडुळशाच्या अलीकडे संपेल, अशी बेताने मापली. एक टोक कवडीच्या पट्ट्याला. दुसरं टोक मांजरवाटेतून आत घेऊन आपल्या पायाच्या अंगठ्याला. मग ती मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली.

गाव बघायला लोटलं. मावशी म्हणाल्या, “मांजर बाहेरच आहे की! माझंच खरं झालं.” तेलीणकाकू म्हणाल्या, “बाहेर कुठे? बांधलंय. माझंच खरं झालं.” दोघी पहिल्यांदाच एका तोंडाने म्हणाल्या, “दचकी आहे, पण डोकं आहे हो पोरीला!”

दचकीलाही बरं वाटलं. अंगठ्याला हलकासा हिसका बसला की तिला कळायचं, कवडी चालतेय. लांब ओढ बसली की कळायचं, उन्हात लोळतेय. दोरी थांबली की कळायचं, झोपली. पुष्कळ दिवसांनी तिचा धोटा एकसारखा चालू लागला. दाराकडे बघायचीही गरज उरली नाही. घोंगडं असं भराभर वाढायला लागलं, की तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

कवडीने एकदा विचारलं, “तू येत नाहीस का बाहेर?”

“मी आहे ना. दोरी आहे ना आपल्यामध्ये.”

“ते खरं,” कवडी म्हणाली, पण तिच्या बोलण्यात जोर नव्हता.

एके दिवशी दोन प्रहरी कवडी सरड्याच्या मागे शेवग्याभोवती फिरली. एकदा फिरली, पुन्हा फिरली. दोरीचा बुंध्याला वेढा बसला आणि तो घट्ट आवळला. तिने हिसका दिला, पण तो बुंध्यातच जिरला. अंगठ्यापर्यंत काही पोचलं नाही.

आत दचकीला कळलं ते एवढंच, की दोरी थांबली. “झोपली वाटतं,” ती स्वतःशी म्हणाली, आणि आईने बाळासाठी गुणगुणावं तशी गुणगुणू लागली.

तेवढ्यात बुलबुलीण कौलाखालच्या झरोक्यात येऊन बसली आणि कानठळ्या बसतील अशी ओरडू लागली. दचकी एवढी दचकली, की धोटा हातातून सुटला.

“आता काय झालं तुला? कवडी तर बांधलेली आहे!”

“बांधलेली आहे म्हणूनच ओरडतेय!” बुलबुलीण म्हणाली. “ओढ्याकाठची कुत्री आलीत. तुझी मांजरी मेली तर मला सुतक नाही. पण त्या झटापटीत माझं झुडूप तुडवलं जाईल, आणि त्यात माझं उरलेलं एक आहे. ऊठ!”

दचकी उठली, धावली आणि दाराशीच तोंडावर आपटली. अंगठा बांधलेला होता, आणि सैल पडलेली दोरी पायात गुंतली होती. ती गाठ सोडायला बसली, पण विणकराची गाठ, ओढावी तशी घट्ट होणारी. बाहेरून कवडीचा आवाज आला. तसा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. तिने सरपटत जाऊन मागाजवळची कात्री घेतली, दोरी कापली आणि बाहेर पळाली.

कवडी शेवग्यावर चढायला निघाली होती. दोरीने तिला अर्ध्यातच धरून ठेवलं होतं. पुढची नखं सालीत रुतलेली, मागचे पाय लोंबकळत, आणि खाली दोन कुत्री उड्या घेत होती. एकाच्या तोंडात तिचा मागचा पाय आला होता.

घरात उंदीर पळाला तरी किंचाळणारी ती मुलगी. आता ती किंचाळली, आणि थांबली नाही. किंचाळतच त्या कुत्र्यांच्या अंगावर गेली, हाताला लागेल ते फेकत. त्या किंकाळ्यांना गाव कंटाळलं होतं. कुत्री मात्र त्या पहिल्यांदाच ऐकत होती. ती शेपूट घालून कुंपणातून पसार झाली. दचकीने दोरी कापली. कवडी तिच्या खांद्यावर पडली आणि तिथेच नखं रोवून राहिली.

कवडी वाचली. पण तिचा मागचा पाय कायमचा अधू झाला.

मावशी आणि तेलीणकाकू धावत आल्या आणि हळदीचा लेप लावता लावता भांडल्या. “बांधली नसती तर चढली असती झाडावर!” “बाहेर काढलीच नसती तर चढायची वेळच आली नसती!” दचकीने दोघींना पाणी दिलं, आणि लेपावर फडकं बांधलं.

कवडीचा पाय जमिनीवर टेकू लागला, तेव्हा दचकी तिच्यासमोर बसली.

“तूच सांग आता. दार लाव म्हणालीस तर लावते. उघड म्हणालीस तर उघडते. तू म्हणशील तसं.”

“दाराचं मला विचारू नकोस,” कवडी म्हणाली. “मी बाहेर असेन तेव्हा तू कुठे असशील, ते सांग.”

माग तर जमिनीत रोवलेला. तो काही अंगणात नेता येत नाही. पण दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात उतरलं तशी दचकी लोकर आणि चरखा घेऊन बाहेर आली आणि शेवग्याखाली बसली. कवडी लंगडत तिच्या मागोमाग आली.

मग तसाच रिवाज पडला. पिंजायचं आणि कातायचं काम बाहेर, आणि तोवर कवडीही बाहेर. अडुळशाकडे तिचं नाक वळलं की दचकी लोकरीचा गोळा फेकून मारी. “बघायचंही नाही?” कवडी कुरकुरे. “बघायचंही नाही,” दचकी म्हणे. विणायची वेळ झाली की दोघी आत, आणि मांजरवाटेवर धोंडा. संध्याकाळी ओढ्याकडे सावल्या लांबल्या की कवडी कितीही रुसली तरी बाहेर जायला मिळत नसे.

घोंगड्या कमी निघू लागल्या. मावशी येताजाता टोमणा मारत, “काय गं, मांजर राखतेस की राजकन्या?” दचकी हसे. भीती तिची गेली नव्हती. अजूनही पान पडलं की ती दचके. पण दचकून मान वर केली की समोर कवडी दिसे, आणि मग ती पुन्हा कातू लागे.

त्याच उन्हाळ्यात बुलबुलिणीचं उरलेलं पिल्लू अडुळशातून उडालं. कवडीने बसल्या जागेवरून त्याला झाडाच्या शेंड्यापर्यंत नजरेने पोचवलं. दचकीनेही.

म्हणून लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: ज्याला जपायचं, त्याची राखण दाराने होत नाही, दोरीने होत नाही, ती आपल्याच डोळ्यांनी करावी लागते.