हाकेतलं झाड

फार वर्षांपूर्वी, म्हणजे आज बोरखळीत जे सगळ्यात म्हातारे आहेत त्यांचे पणजोबा रांगत होते तेव्हा, या गावात आनशी नावाची सून आली. बोरखळी घाटाच्या उगवतीला. ढग यायचे ते सगळं पाणी घाटाखाली कोकणात ओतून, हात हलवत. आनशी त्याच कोकणातली. तिचा नवरा केरबा बैलांवर धान्य लादून घाट उतरायचा आणि मीठ घेऊन वर यायचा. एका खेपेला तो आनशीला पाहून आला आणि पुढच्या खेपेला लग्न करून घेऊनच आला.

तेव्हा गावाची एक रीत होती. नव्या सुनेनं माहेरचं रोप आणून सासरच्या परसात लावायचं. रोपानं जीव धरला की सून घरची झाली. तोवर ती पाहुणी. पाहुणीनं चूल पेटवायची नाही, आणि पाहुणीला कुणी नावानं हाक मारायची नाही. आजवर सुना यायच्या त्या आसपासच्या गावांतल्या. कुणी शेवगा आणायची, कुणी बोर, आणि ती झाडं धोंड्यातसुद्धा फुटायची. म्हणून ही रीत किती कडू आहे ते कुणाला कधी कळलंच नव्हतं.

आनशीनं आणला सोनचाफा. ओल्या काथ्यात मुळं गुंडाळून, बैलावर बसून, सगळा घाट मांडीवर धरून आणला. परसात लावला आणि आपल्या वाटचं पाणी त्याला घालू लागली. सासू धुरपा स्वभावानं लोण्याची. तीही सुनेच्या नकळत आपल्या अंघोळीचं पाणी चाफ्याला घालायची. दोघी एकमेकींपासून चोरून पाणी घालत राहिल्या आणि चाफा मात्र वाळून काटकी झाला.

पुढच्या वर्षी आनशीचा भाऊ दुसरा चाफा घेऊन आला. या खेपेला तिनं आळ्याभोवतीचं सगळं रान काढून टाकलं. एक तरवड तेवढा ऐकेना. तिनं उपटावा आणि त्यानं चार दिवसांत पुन्हा डोकं वर काढावं. पिवळी फुलं घेऊन तो आयता दाराशी आला होता, पण डोळे चाफ्यावर लागलेल्या माणसाला तरवड कुठून दिसणार? चैत्र सरता सरता दुसरा चाफाही गेला.

गावचे कारभारी तात्या परसात आले, काटकी बोटानं मोडून पाहिली आणि म्हणाले, "धुरपे, मातीनं काय पोरीला घेतलं न्हाई. तिच्या भावाला सांगावा धाड." धुरपानं तोंडाला पदर लावला.

आनशी दाराआडून ऐकत होती. चाफा गेल्याचं तिला वाईट वाटलंच. पण जास्त वाईट याचं वाटलं, की हे घर तिला आता मनापासून आवडायला लागलं होतं आणि या घरात ती कुणाचीच कुणी नव्हती. केरबा मिठाच्या खेपेला गेला होता. तो परत येऊन खाली मान घालून उभा राहणार, ते आपल्याला बघवायचं नाही, असं तिच्या मनात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली, सासूच्या अंथरुणाला लांबूनच नमस्कार केला आणि डोंगराची वाट चढू लागली. खिंड ओलांडली की पुढे उतार, आणि उताराच्या तळाशी माहेर.

उन्हं वर आली तेव्हा धुरपा भाकरी घेऊन आनशी निजायची त्या पडवीत गेली, तर पडवी रिकामी. ती धावत परसात आली. डोंगराच्या अंगावर लुगड्याचा हिरवा ठिपका वर सरकत होता. मग मात्र म्हातारीनं रीत बघितली नाही, तात्या बघितले नाहीत. तोंडाला दोन्ही हात लावून ती ओरडली, "आनशेऽऽ! माघारी फीर गं, बयोऽऽ!"

असं म्हणतात, त्या हाकेनं चरणारी मेंढरं जागच्या जागी थांबली. असं म्हणतात, खिंडीतून येणारा वारा बाजूला सरला आणि त्यानं हाकेला वाट दिली.

आनशीच्या कानावर तिचं नाव पडलं. या घरात आल्यापासून पहिल्यांदा. ती तिथेच बसली आणि पोटभर रडली. डोळे पुसले तेव्हा तिला दिसलं, की आपण पांढऱ्या फुलांच्या सड्यावर बसलोय. फुलांना मंद, गोड वास येत होता. वर पाहिलं तर मेडशिंगीचं झाड. कातळ भाजून निघालेला, प्यायला थेंब नाही, आणि हे झाड भर वैशाखात फुललेलं.

"तुला गं कुणी पाणी घातलं?" आनशीनं झाडाला विचारलं. असं म्हणतात, झाडानं उत्तर म्हणून एक फूल तिच्या ओटीत टाकलं.

बुंध्याशी वीतभर रोप होतं. दगडानं माती उकरून तिनं ते मुळासकट काढलं, पदरात घेतलं आणि मागं वळली.

परसात ती रोप लावायला बसली तोवर तात्या आलेच. "हे माहेरचं न्हाई. हे चालायचं न्हाई."

"तात्या, याचं माहेर हितलंच हाय," आनशी म्हणाली. "सासरी मी आले तेवढं पुरे. झाडाला कशाला सासुरवास?"

तात्या मिशा चावत बसले. तेवढ्यात धुरपा पुढं झाली. "अन् माझी हाक जिथवर जाती तिथवर माझंच घर, तात्या. पोरगी घरातनं घरात आली. आनशे, ऊठ, चूल पेटव."

वैशाखात रोप लावणाऱ्याला आपण वेड्यात काढू, आणि काढावंच. तुम्ही तसं करू नका, पाऊस पडून जमीन मऊ झाल्यावर लावा. पण त्या रोपानं जीव धरला. एवढंच नाही, त्याच आठवड्यात ते फुललं, असं म्हणतात.

मग आनशी गावाच्या परसाची धनीण झाली. कुणाला बाग करायची असली की ती त्या घरी जायची, चिमूटभर माती जिभेवर ठेवायची आणि घरच्या बाईला परसात उभं करून हाका मारायला लावायची. स्वतः रानात चालत जायची. हाक ऐकू येते तिथवरचंच रोप आणायची. ओढ्याकाठच्या घरांना अडुळसा आणि निरगुडी मिळाली, मुरमाडावरच्या घरांना कवठ आणि तरवड. हो, तोच तरवड. त्याच्यापुढे तिनं कान पकडले होते. ज्या झाडाला यायचं असेल ते तिच्या डोक्यावर एक पान टाकायचं, असं म्हणतात.

पुढे मोठा दुष्काळ पडला. गाव उठून नदीकाठाला गेलं. दुष्काळ सरल्यावर लोक परतले ते उजाड घरं बघायच्या तयारीनं. पाहतात तर परसं हिरवी, तरवड पिवळेजर्द, आणि दारादारावर फुलपाखरं राखणीला बसलेली. आनशी तेव्हा नव्हती. नदीकाठाला जाताना वाटेतच, केरबाच्या मांडीवर, तिनं डोळे मिटले होते. पण त्या दिवशी प्रत्येक बाई आपल्या परसात उभी राहिली आणि डोंगराकडं तोंड करून तिचं नाव घेऊन ओरडली.

बोरखळीत आता कुठलीच सून पाहुणी नसते. नवी सून आली की सासू परसात उभी राहून तिला नावानं हाका मारते, सून डोंगर चढत जाते आणि हाक विरते तिथलं रोप घेऊन येते. ज्या घरात सासू नाही, तिथं अख्खी आळी परसात जमते. अशा सुनेला रोपासाठी फार लांब जावं लागतं, पार खिंडीपर्यंत, कारण तिथवर तिचं नाव ऐकू येत असतं.