निळ्या दगडाचा पहिला घाव

"धातू काढायचा, पण दगड फुटता कामा नये! त्यातली एक सुईसुद्धा पडली तर याद राखा!" जालंदरराव महाराजांनी भर दरबारात फर्मावलं आणि सटवाजी पाथरवटाला दरदरून घाम फुटला.

सगळी भानगड त्या निळ्या दगडाची. खाणीत काळा कातळ फोडताना सटवाजीला एक पोकळी लागली. आत पांढऱ्या स्फटिकांवर निळ्याभोर सुयांचे गोंडे! असला दगड त्याच्या आज्यानंही पाहिला नव्हता. भल्या माणसानं तो घोंगडीत गुंडाळून महाराजांना नेऊन दिला. झालं! महाराज एवढे खूश, की जेवतानाही दगड ताटाशेजारी.

त्यात दामशेट सोनारानं काडी घातली. "सरकार, हा निळा रंग आतल्या धातूचा. भलता दुर्मिळ! त्याची अंगठी कुठल्याच राजाकडे नाही."

"मग घडव की! पण माझा दगड फुटेल का रे?"

"छे छे, मुळीच नाही! फक्त धातू काढायचं काम पाथरवटाचं. ज्यानं दगड काढला, तोच धातूही काढील!" दामशेटनं अंग काढून घेतलं.

"ठरलं! अमावस्येपर्यंत धातू आला नाही, तर सटवाजी, झोपड्या उचला. खाण दामशेटच्या मेव्हण्याला!"

दामशेट मिशीत हसला. सटवाजी घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. खाणीच्या काठावरच त्यांची सगळी वस्ती. जाणार कुठे?

"एवढंच ना, बाबा?" त्याची लेक गवरा म्हणाली. "उद्या मी जाते."

"जाऊन काय करणार तू?"

"काम सुरू करणार!"

दुसऱ्या दिवशी गवरा खांद्यावर भला थोरला घण घेऊन दरबारात हजर! तिनं घणाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि घण महाराजांपुढे, निळ्या दगडाशेजारी ठेवला. "घ्या, सरकार!"

"मी?"

"मग कोण? दगड आपला. पहिला घाव मालकाचा, मगच आम्ही हात लावायचा. राजवाड्याचा पहिला दगड फोडताना नाही का आपण फेटा सांभाळत घाव घातलात? सनई वाजली होती!"

महाराज नाही कसं म्हणणार? ती गोष्ट ते स्वतःच येईल त्या पाहुण्याला ऐकवत.

"बरं, हळूच टेकवतो."

"तसं नाही चालत! ठिणगी उडायला हवी. तेव्हा उडेना म्हणून तुम्ही तीनदा घातलात, आठवतं ना?"

दरबारात कुणीतरी फिसकन हसलं. महाराजांनी घण उचलला. निळ्या सुया उन्हात लखलखल्या आणि महाराजांनी घण तसाच अधांतरी धरला.

"सरकार, नका! चुरा होईल!" दामशेट ओरडला.

"अगंबाई! काल तर शेट म्हणाले, मुळीच फुटत नाही!"

महाराजांनी दामशेटकडे असं पाहिलं, की तो खांबाआड सरकला. घण खाली आला, पण जमिनीवर. "नाही गं, माझ्याच्यानं नाही होत!"

"राहू दे की! आम्हाला कुठं घाई आहे? आपला घाव पडला की लागतोच कामाला."

"आणि अमावस्या?"

"ती येईल नि जाईल. पण सरकार, एकदा नारळ फुटला, की काम पुरं होईपर्यंत पाथरवटाला खाणीवरून कुणी हलवत नाही. आपल्याच राज्याची रीत!"

"म्हणजे मी घाव घालत नाही तोवर खाण तुमची?"

"मग घाला ना आत्ता! मी कुठं धरलंय?"

महाराज असे खो खो हसले, की फेटा कानावर आला. "हरलो, बाई, हरलो! खाण सटवाजीला कायमची इनाम! आणि या पोरीला सोन्याचे तोडे. दामशेट, तू घडवायचेस, आणि तेही तुझ्याच सोन्यातून!"

दामशेटचं तोंड एवढंसं झालं. गवरानं घण उचलून खांद्यावर टाकला आणि जाता जाता मागं वळून म्हणाली,

"शेट, सोनं आता माझं. तेव्हा पहिला घाव माझा हं! घण आणलाच आहे!"