बारावा पोपट

डोंगरात अजून सडका पोचल्या नव्हत्या आणि माणसं या गावाहून त्या गावाला बैलगाडीनंच जात, त्या काळी घाटाखालच्या एका गावात सटवाजी नावाचा सुतार राहत होता. आसपासच्या वीस गावांत फिरणारी निम्मी चाकं त्याच्या हातची. लाकूड तासायचा वाकस तो पहाटे उचलायचा आणि दिवेलागणीला खाली ठेवायचा. दिवसाउजेडी माणसानं बसावं ते फक्त जेवायला, असं त्याचा बाप म्हणायचा. सटवाजीनं ते कधी तपासून पाहिलं नाही, नुसतं पाळलं. त्याची बायको येसूही तशीच, सदा उभी.

एका वर्षी गाडीचा लाकडी आस उचलताना त्याचा खांदा निखळला. वैदूनं तो बसवला, पण हात काही पहिल्यासारखा वर जाईना. वाकस दोनदा उचलला की घाम फुटायचा. सटवाजीचं वय पंचेचाळीस उलटलेलं. या वयात नवं काय शिकणार, असं म्हणून तो चार महिने भिंतीकडे बघत राहिला.

शेवटी येसूच म्हणाली, "जड हत्यार पेलत नाही ना, मग हलकं धरा."

घाटावरच्या पेठेत एक म्हातारी होती. सगळे तिला चिमाआत्या म्हणत. ती इतकं बारीक कोरीव काम करायची, की ते बघायलाही भिंग लागायचं. सटवाजीनं भाकरीचं गाठोडं बांधलं, दोन दिवस घाट चढला आणि तिच्या दारात जाऊन उभा राहिला. म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या हाताकडे पाहिलं आणि आत ये म्हणाली.

खिडकीशी चौरंगावर भिंग बसवलेलं होतं आणि त्याच्याजवळ दाभणाएवढ्या पटाश्या ओळीनं मांडलेल्या होत्या. सटवाजीनं भिंगाखाली प्रथम स्वतःचं बोट पाहिलं आणि दचकला. ते बोट नव्हतंच, वाळलेलं खोड होतं. आत्यांनी त्याला तांदळाच्या दाण्याएवढं लाकूड दिलं आणि त्यावर एक पान कोरायला सांगितलं. श्वास घेतला की पटाशी हलायची. नाडी उडाली तरी हलायची. तिसऱ्या आठवड्यात एक पान जरा पानासारखं झालं, तोच त्याला शिंक आली. मग दोघांनी मिळून अख्खी सकाळ ते पान जमिनीवर शोधलं. सापडलं नाही.

तरी तो चिकटून राहिला. वर्षभरात त्याला दोन श्वासांच्या मधल्या शांततेत पटाशी चालवायला जमू लागलं. एका गोष्टीवरून मात्र तो कुढायचा. खिडकीतली उन्हाची तिरीप एका फरशीवरून दुसरीवर सरकली, की आत्या भिंगावर फडकं टाकायच्या आणि त्याला बाहेर पायरीवर बसायला लावायच्या. काही करायचं नाही, नुसतं लांबच्या डोंगराकडे बघायचं. येणारेजाणारे बघतात, रिकामटेकडा म्हणत असतील, या विचारानं सटवाजीला त्या पायरीवर काटे टोचायचे. म्हातारीचं वय झालंय, म्हणून तिला विसावा लागतो, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती.

पुढल्या वर्षी राममंदिराच्या पुजाऱ्यांनी पाळणा सांगितला. बाळरामाची मूर्ती अंगठ्याएवढी. तिचा जुना पाळणा वाळवीनं खाल्ला होता. नव्या पाळण्याच्या कठड्यावर बारा पोपट हवे होते, ज्वारीच्या दाण्याएवढे. आत्यांच्या नवऱ्यानं परसात लावलेलं शिवणीचं झाड मागे वादळात पडलं होतं. त्या झाडाचा शेवटचा तुकडा त्यांनी वीस वर्षं कापडात गुंडाळून ठेवला होता. तोच त्यांनी बाहेर काढला. पाळणा, कठडा, पोपट, सगळं त्या एकाच तुकड्यातून निघायचं होतं.

सहा पोपट आत्यांनी कोरले आणि सहा सटवाजीला दिले.

रामनवमीला दोन दिवस राहिले, तेव्हा अकरा पोपट झाले होते. बाराव्याची नुसती चोच उरली होती. दुपार कलली तशी आत्यांनी भिंगावर फडकं टाकलं. उरलेलं उद्या, असं म्हणून त्या नदीवर गेल्या. सटवाजीचे डोळे चुरचुरत होते आणि अंगठ्याचं मूळ ठणकत होतं. सहा दिवस तो असाच ओढत आणलेल्या बैलासारखा चालला होता. पण उजेड अजून होता. एक चोच ती काय. एवढं एकच, असं म्हणत त्यानं फडकं उचललं.

पटाशी चोचीवर टेकली आणि कशी कोण जाणे, खाली घसरली. आवाजसुद्धा झाला नाही. पोपटाची मान तुटून चौरंगावर पडली.

 सटवाजीनं सुईच्या टोकावर लाख वितळवली आणि मान जागेवर चिकटवली. त्यावर लाकडाचा भुसा लावला, चोचही कशीबशी उरकली. नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. त्यानं फडकं परत टाकलं.

आत्या परतल्या, ओलं लुगडं वाळत घातलं आणि भिंतीला टेकून बसल्या. बारावा पोपट झाल्याचं सटवाजीनं सांगितलं, तेव्हा त्या रागावल्या नाहीत. त्याही दमल्या होत्या.

"मला आता या उजेडात दिसत नाही," त्या म्हणाल्या. "तूच एकदा बाराही बघून घे. तू बरे म्हणालास की उद्या सकाळी देऊन येते."

सटवाजी भिंगाशी बसला. एकेक पोपट त्यानं भिंगाखाली आणला. अकरा पोपट पंख मिटून आपापल्या जागी बसले होते. बाराव्याच्या गळ्याभोवती लाखेची बारीक काळी रेघ होती, फास लागल्यासारखी.

त्यानं मान खाली घालून सगळं सांगितलं.

आत्या उठल्या. त्यांनी पाळणा हातात घेतला आणि नवऱ्याच्या झाडाच्या त्या लाकडावरून अंगठा फिरवत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "थकला होतास?"

"होतो."

"मग थांबला का नाहीस?"

"लाज वाटली, आत्या."

"माझ्या वडिलांनाही वाटायची," आत्या म्हणाल्या. "या भिंगावर आधी ते बसायचे. पुढे त्यांचे डोळे गेले. शेवटची सात वर्षं मी त्यांना हात धरून नदीवर नेत होते."

नवा पोपट कोरायला त्या तुकड्यातलं लाकूड उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः तो पोपट कापून काढला आणि जागा घासून गुळगुळीत केली. पुजाऱ्यांना अकराच पोपट का, ते जसं घडलं तसं सांगितलं. पुजाऱ्यांच्या कपाळाला आठी पडली. पाळणा त्यांनी घेतला, पण पुढच्या उत्सवाच्या रथाचं काम दुसऱ्या गावच्या कारागिराला दिलं. आत्या त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं सटवाजीला वाटत राहिलं.

त्यांनी त्याला घालवलं नाही. उन्हाच्या तिरिपीकडे मात्र त्या आता बघेनात. "तुझा हात कधी थकतो हे उन्हाला काय ठाऊक," त्या म्हणाल्या. "ते तू मला सांगायचं."

हे शिकायला पान कोरण्यापेक्षा जास्त दिवस लागले. सुरुवातीला तो नेहमी उशिराच सांगायचा. हळूहळू त्याला खुणा कळू लागल्या. आधी डावी पापणी फडफडते, मग अंगठ्याचं मूळ तापतं. आणि 'एवढं एकच' असं मनात आलं, की समजावं, हात केव्हाच थकलेला आहे.

त्या वर्षीच्या सुगीनंतर येसू त्याला भेटायला आली. पेठेत शिरली तर भर दुपारी सटवाजी पायरीवर बसलेला, हात मांडीवर, नजर डोंगराकडे.  संसाराच्या इतक्या वर्षांत तिनं त्याला असं बसलेलं पाहिलं होतं ते एकदाच, खांदा गेला तेव्हा.

"बरं नाही का वाटत?" तिनं घाबरून विचारलं.

"बरा आहे," सटवाजी म्हणाला. "दमलोय, एवढंच."

येसू त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. दोन दिवसांच्या घाटानं तिचे पाय सुजले होते, आणि त्याआधी सुगी तिनं एकटीनं उरकली होती. पण हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

"मीही दमलेय हो," ती म्हणाली.

सटवाजी बाजूला सरकला. डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवून येसू त्याच्या शेजारी बसली. ऊन चांगलं लख्ख होतं आणि कामंही पडलेली होती. दोघं बराच वेळ तसेच बसून राहिले.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: थकणं हा हाताचा दोष नाही. थकलेलं असताना थांबायची लाज वाटणं हा माणसाचा दोष आहे, आणि तोच जपून आणलेलं काम मोडतो.