शून्याचं बोट

“...आणि मग कला मोठी की विकला?”

चांदशा बाबांनी विचारलं. समोर उभ्या असलेल्या ऊर्जिता वाघमोडेला वाटलं, म्हातारा आपली थट्टा करतोय.

“कला,” ती म्हणाली. “सगळ्यात मोठा अंश. आम्ही अंशाचा शंभरावा भाग कला धरली. कलेचा शंभरावा भाग विकला. शास्त्रातले शब्द आहेत बाबा, खगोलगणितातले. आपल्या नाण्याच्या भागांना नावं द्यायला तज्ज्ञांची समिती बसली होती. चार महिने.”

“कोण कोण होतं?”

“दोन प्राध्यापक, बँकेतले एक निवृत्त साहेब, एक भाषातज्ज्ञ...”

“शेळी कुणाकडे होती?”

ऊर्जिताने हातातला समितीचा कागद पुन्हा पाहिला.

मागे पांढरतळचा मंगळवारचा शेळीबाजार ऐन भरात आला होता. या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक हातात हात घेतात, वर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा करतात. शेजारच्याला पत्ता लागत नाही. रीत जुनी आहे. तिच्यावर कौतुकाने लिहिणारेही पुष्कळ आहेत.

शेळ्या मात्र बाया पाळतात. आणि परक्या पुरुषाच्या हातात भर बाजारात हात कोण बाई देणार? म्हणून शेळी बाईची आणि हात दलालाचा. रुमालाखाली काय ठरलं ते त्यालाच ठाऊक, बाईला तो सांगेल तो भाव. याला पांढरतळात कुणी लूट म्हटलं नाही. परंपरा म्हटलं.

शेवटी तीनशे बायांनी मिळून संघ काढला आणि संघाचं स्वतःचं नाणं काढलं, फोनवर चालणारं. शेळी हवी त्याने संघाच्या टेबलावर रुपये भरून नाणं घ्यायचं आणि ते थेट बाईच्या फोनवर टाकायचं. बाईने त्यावर संघाच्या दुकानातून पाला घ्यावा, औषध घ्यावं, नाहीतर रुपये करून घ्यावेत. मध्ये दलाल नाही. रुमाल नाही.

हे नाणं ऊर्जिताने बसवून दिलं होतं. ती इथल्याच एका मेंढपाळाची नात. पुण्यात शिकलेली, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे क्षणभरही न विसरणारी. नाणं कसं भारदस्त हवं, म्हणून तिने एक नाणं म्हणजे शंभर शेळ्यांचा कळप धरला आणि त्याला नाव दिलं मेरू. त्या मापाने एक शेळी झाली शून्य पूर्णांक शून्य एक मेरू. पाल्याची एक पेंढी झाली शून्य पूर्णांक, पुढे आणखी चार शून्यं आणि मग पंचवीस.

मागच्या मंगळवारी सोजरबाई ढोबळेने तिची गाभण शेळी मुरलीतात्याला विकली. मुरलीतात्या बाजारातला सगळ्यात मोठा दलाल, शहरासाठी स्वतःही माल उचलणारा. भाव ठरला शून्य पूर्णांक शून्य बारा. तात्याने फोनवर टाकलं शून्य पूर्णांक शून्य शून्य बारा. सोजरबाईने शेवटचे बारा पाहिले आणि दावं त्याच्या हातात दिलं.

किमतीचा दहावा हिस्सा देऊन शेळी टेम्पोत चढली. लक्षात आलं तेव्हा तात्या म्हणाला, बाईने बघून घेतलंय, आता माझा काय संबंध.

आज बारा वाजता संघाच्या बाया ठरवणार होत्या, नाणं ठेवायचं की मोडायचं. मोडलं की पुन्हा दलाल. सकाळपासून सगळे दलाल खांद्यावरचे रुमाल झटकत हसत फिरत होते.

संघाची अध्यक्ष कौसाबाई ऊर्जिताला एवढंच म्हणाली होती, “बाभळीखालच्या बाबांकडे एकदा जाऊन ये. बारापर्यंत.”

चांदशा बाबा चाळीस वर्षं या बाजाराचे दलाल होते. त्यांच्याएवढा चलाख हात दुसरा नव्हता. एका मंगळवारी त्यांनी एकाएकी धंदा सोडला, फकिरी घेतली आणि बाजाराच्या कडेला बाभळीखाली येऊन राहिले. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

“चूक नाण्याची नाही, बाबा,” ऊर्जिता म्हणाली. “सोजरबाईंनी नीट वाचायला हवं होतं.”

“हं.”

“आणि आता तर नावं पण आणलीत. शून्यं वाचायचीच गरज नाही. बारा अंश, पाच कला, अडीच विकला. शिकतील हळूहळू.”

“किती हळू?”

“...होईल वर्षभरात.”

“तोवर किती शेळ्या जातील?”

बाबांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि हात पुढे केला.

“हात दे.”

ती घुटमळली.

“ऐंशी वर्षांचा आहे मी, पोरी. दे.”

तिने हात दिला. बाबांनी दोघांच्या हातांवर रुमाल टाकला.

“सोजरच्या शेळीचा भाव सांग.”

“शून्य पूर्णांक शून्य...”

“तोंडाने नाही.”

ऊर्जिताने रुमालाखाली बाबांचा अंगठा धरला. सोडला. करंगळी धरली. तीही सोडली. मग नुसताच तळवा चाचपला.

“बाबा... शून्य कसं सांगायचं?”

“तेच तर मी विचारतोय. शून्याचं बोट कुठलं?”

पलीकडे दलालांचा घोळका कशावर तरी खो खो हसला.

मग बाबांनी तिचा सगळा पंजा दाबला. सोडला. लगेच चार बोटं दाबली.

“किती?”

“पाच... आणि चार. नऊ.”

“नऊ काय?”

“नऊ हजार.”

“हजार कुणी सांगितलं तुला? मी तर बोटंच दाबली.”

ऊर्जिताने बाभळीला बांधलेल्या शेळीकडे पाहिलं.

“शेळी दिसतेय ना समोर.”

“आणि कोंबडी असती तर?”

“नऊशे.”

“कुठल्या कॉलेजात शिकवलं हे?”

“...कुठल्याच नाही.”

बाबांनी रुमाल ओढून काढला. तिचा हात उघडा पडला.

“मी चाळीस वर्षं बायांपासून भाव झाकला. फडक्याने,” ते म्हणाले. “तू शून्यांनी झाकलास.”

ऊर्जिताने हात मागे घेतला.

“मी झाकायला नाही आले इथे. मी भल्यासाठी...”

“माहीत आहे. मला पण लोक भला माणूस म्हणायचे.”

तिने हातातला समितीचा कागद घडी करून पिशवीत टाकला.

“मग तुम्ही सांगा नावं. तुम्हाला बाजार माहीत आहे.”

“मी दलाल.”

“आता नाही ना.”

“मला विचारलंस की बाईचा भाव पुन्हा दलालाच्या तोंडून आला. नको.”

“मग कुणाला विचारू?”

बाबांनी बायांच्या घोळक्याकडे नुसती हनुवटी वळवली. “जिची शेळी गेली तिला.”

पावणेबारा झाले होते.

संघाच्या टेबलाभोवती बाया दाटीवाटीने जमल्या होत्या. सोजरबाई पुढेच होती, शेजारी पाल्याची पाटी.

“या मॅडम,” सोजरबाई म्हणाली. “आज किती शून्यं आणलीत?”

बाया हसल्या. हसणं बरं नव्हतं.

“एकही नाही,” ऊर्जिता म्हणाली. “सोजरबाई, या बाजारात तुम्ही सगळ्यात कमी किमतीचं काय घेता?”

“पाल्याची पेंढी. का, ती पण काढून घेताय?”

“एक पेंढी हवी असली तर दुकानातल्या बाईला लांबून कसं सांगता?”

काय हे विचारणं, अशा नजरेने तिच्याकडे बघत सोजरबाईने एक बोट वर केलं.

“आणि दहा हव्या असल्या तर?”

सोजरबाईने दोन्ही हात वर केले. सगळी बोटं पसरली.

“हे हात जुळवले की?”

“ओंजळ की. दुसरं काय.”

“आणि अशा दहा ओंजळी?”

सोजरबाईने शेजारची पाटी पुढे ओढली आणि काठावर बोटांनी टकटक केलं.

“पाटी भरली.”

दहा बोटांची ओंजळ. दहा ओंजळींची पाटी. समितीने चहा पीत पीत ग्रहताऱ्यांपर्यंत शोध घेतला होता, आणि हे इथे होतं.

“मग एक पेंढी म्हणजे एक बोट धरलं,” ती म्हणाली, “तर तुमची ती गाभण शेळी केवढ्याची होती?”

सोजरबाईचे ओठ हलू लागले. शंभर पेंढ्या, दोनशे पेंढ्या... बाजूच्या दोघी तिच्याबरोबर मोजू लागल्या.

“पाच पाट्या. जराशी कमी.”

“चार पाट्या आणि आठ ओंजळी,” ऊर्जिता म्हणाली. “आणि तात्याने फोनवर टाकल्या होत्या पाचाला कमी...”

“पाचाला कमी पाट्याच की.”

“ओंजळी.”

बायांच्या माना सोजरबाईकडे वळल्या.

“ओंजळी?” सोजरबाई सावकाश म्हणाली. “पाच ओंजळी पण नाहीत? गाभण शेळीला? असं तोंडाने म्हणाला असता ना मेला, तर ती शेळीच त्याला शिंगावर घेती.”

“ओंजळ कुठली नि पाटी कुठली,” मागून एक म्हातारी म्हणाली. “डोळं मिटून सांगीन मी.”

“मग एवढे दिवस का नाही सांगितलंस, आत्या?” कौसाबाईने विचारलं.

“विचारलं कुणी मला?”

कौसाबाईने ऊर्जिताकडे पाहिलं. ऊर्जिताने मान खाली घातली नाही. “मी नाही विचारलं,” ती म्हणाली. “चुकलं माझं.”

“चला,” कौसाबाई म्हणाली. “नाणं ठेवायचं त्यांनी हात वर करा.”

एक हात गेला, दहा गेले, आणि मग मोजायचं कारणच उरलं नाही.

नाणं तेच राहिलं. फोनवरचं टिंब आणि त्याच्या मागची शून्यांची रांग गेली. त्या जागी आलं पाटी, ओंजळ, बोट. ऊर्जिताला वीस मिनिटं लागली. समितीला चार महिने लागले होते आणि प्रवासखर्च वेगळा.

एक वाजता पांढरतळच्या बाजारात पूर्वी कधी न झालेली गोष्ट झाली. भाव मोठ्याने बोलला गेला.

“बोकड केवढ्याला, मावशी?”

“सहा पाट्या.”

“पाच घ्या.”

“पाचाची ती तिकडे काळी आहे बघ, तिला ने. हा सहाचा.”

शेजारणीने ऐकलं. “सहा? मग माझा साडेसहाचा. केवढा दांडगा आहे बघ.” तिच्या पलीकडचीने ऐकलं. भाव या टोकापासून त्या टोकापर्यंत गवताला आग लागावी तसा पळत गेला. गिऱ्हाइकं टेबलापाशी रांग लावून नाणं घेऊ लागली. बाया फोन हातात धरून मोठ्याने वाचत होत्या, चार पाट्या, तीन ओंजळी, पोचले, ने शेळी. कुणी कुणाला विचारत नव्हतं, ताई, हे किती झाले गं?

दलाल रुमाल खांद्यावर टाकून कडेला उभे होते. त्यांच्या हातात कुणी हात देत नव्हतं.

मुरलीतात्या टेबलाशी आला. टेम्पो उभा होता, शहरात बोकड पोचवायचे होते.

कौसाबाईने त्याचे रुपये परत सरकवले. “आधी सोजरीचं मागचं.”

“कसलं मागचं? मी बारा म्हटलं, बारा टाकले.”

“बाकी राहिल्या चार पाट्या, तीन ओंजळी, दोन बोटं,” सोजरबाई म्हणाली. तिला ओरडावं लागलं नाही. आजूबाजूचा बाजार तेवढ्यापुरता थांबला होता, आणि मागच्या मंगळवारी ज्यांना काही कळलं नव्हतं त्या सगळ्यांना आता कळलं होतं. गिऱ्हाइकांनाही. दलालांनाही. एक दलाल तर तात्याकडे बघून हसला.

तात्या तिथून निघाला तो तडक बाभळीखाली आला.

ऊर्जिता बाबांना सांगायला तिथे पोचलीच होती. बाबांनी तिला काही विचारलं नव्हतं. बाजाराचा गलका ते डोळे मिटून ऐकत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की सांगायचं तिने सोडूनच दिलं.

“बाबा,” मुरलीतात्या म्हणाला. “तुम्ही आमच्यातले. या बाया पाट्या नि ओंजळी बोलतात. मी धंदेवाला माणूस. मध्ये पडा, एक आकडा ठरवून द्या. तुमचा शब्द मी मोडणार नाही.”

बाबांनी डोळे उघडले.

“सोजरला विचार.”

“सोजरीला? मी?”

बाबांनी बाजाराकडे हात केला.

“भर बाजारात?”

“हो,” चांदशा बाबा म्हणाले. “खाली बसून विचार.”