खाडीपलीकडे ऐकू येणारी शपथ

एका खाडीच्या तोंडाशी मोरवणे नावाचं कोळ्यांचं गाव होतं. गाव एवढंसं, पण मिजास केवढी! आणि का नसावी? एकेकाळी दूरदेशीच्या राजाचा सुभेदार तिथं बसलेला असायचा. होडी पाण्यात लोटायची तरी त्याची परवानगी लागे. एक दिवस सगळं गाव उठलं आणि सुभेदाराला त्याच्याच गलबतात बसवून वाटेला लावलं.

तेव्हापासून गावानं एक रीत पाडली. चावडीत एक रांजण ठेवला. ज्याच्यावर गावाचा हुकूम चालतो, त्या प्रत्येकाचा खूण केलेला एकेक शिंपला त्यात. शिंपलेवाल्यांना विचारल्याशिवाय गावात पान हलत नसे. दर वर्षी त्याच दिवशी गाव किनाऱ्यावर जमे आणि होड्यांचा म्होरक्या हिराजी तांडेल शपथ देई.

"न विचारता कुणाचा हुकूम सोसाल?"

"सोसणार नाही!"

"न विचारता कुणावर हुकूम सोडाल?"

"सोडणार नाही!"

हिराजीचा आवाज असा खणखणीत, की खाडीपलीकडच्या तिवरबेटावर लोक हातातलं काम टाकून ऐकत राहत. हिराजीला त्या आवाजाचा भारी अभिमान. "माझी होडी न्या, जाळं न्या, पण शपथ मीच देणार," असं तो म्हणे.

तिवरबेटावर अजून त्याच राजाचा दुसरा सुभेदार होता. शपथ ऐकून ऐकून बेटकरांनाही धीर आला. ते उठले आणि त्यांनी मोरवण्याला हाक मारली. हिराजी होड्या घेऊन धावला. दोन दिवसांत सुभेदार पळाला. बेटावरच्या येसूबायनं हिराजीला ओवाळून हातात नारळ दिला. "तांडेलदादा, उपकार विसरणार नाही," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

आता नारळ घेऊन गुमान घरी यावं की नाही? पण बेटाचं बंदर बघून हिराजीचा पाय निघेना. खोल पाणी, वाऱ्याचा मार नाही. तो सोबत्यांना म्हणाला, "माणसं भोळी आहेत. उद्या दुसराच कुणी येऊन बसेल. त्यापेक्षा आपणच थोडे दिवस राहू, यांना कारभार शिकवू." सगळ्यांना लगेच पटलं. सोयीचं बोलणं लगेचच पटतं! बेटावर मोरवण्याचं निशाण लागलं.

थोड्या दिवसांची दोन वर्षं झाली. बेटकरांना होडी लोटायला परवानगी लागू लागली, आता मोरवण्याची. काहींनी ऐकलं नाही, तर त्यांच्या होड्या जाळल्या गेल्या. हिराजीनं धुराकडे पाठ फिरवली.

तिसऱ्या वर्षी शपथेच्या दिवशी येसूबाय मोरवण्याला आली. तिच्या हातात खूण केलेला शिंपला होता.

"दादा, हा माझा. रांजणात टाका."

"बाय, रांजण मोरवण्याचा आहे."

"आमच्यावर हुकूमही मोरवण्याचाच चालतो. रीत तुमचीच ना? आम्ही पलीकडून ऐकून पाठ केली."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. "बेटकर आपल्या दुप्पट आहेत. रांजण त्यांचाच होऊन बसेल!" एक जण म्हणाला. "मग बेट सोडा," एक म्हातारी म्हणाली. "खुळी का काय? असलं बंदर सोडतं का कुणी?" चार जण तिच्यावर खेकसले.

शिंपला घ्यायचा, नाहीतर निशाण उतरवायचं. तिसरी वाट नव्हती, हे हिराजीला लख्ख दिसत होतं. पण ते बंदरही डोळ्यांपुढून हलत नव्हतं. तो हळूच म्हणाला, "तुम्ही अजून शिकताय, बाय. पुढल्या वर्षी बघू."

"सुभेदारही हेच म्हणायचा, दादा." येसूबायनं शिंपला पदराला बांधला आणि ती होडीत जाऊन बसली.

शपथेची वेळ झाली. पहिला सवाल झोकात झाला. मग हिराजी म्हणाला, "न विचारता कुणावर..." आणि घशात काटा अडकावा तसा थांबला. येसूबायची होडी अजून दिसत होती. लोक खाली वाळूकडे बघू लागले. ढोलवाला धाकू मोठा समजूतदार. त्यानं झटकन टिपरू उचललं आणि ढोल असा बडवला, की पुढचं काही कुणाला ऐकूच आलं नाही. सगळ्यांना हायसं वाटलं.

पुढल्या वर्षी धाकूनं त्याच जागी आपणहून ढोल वाजवला. मग ती रीतच पडली. पहिला सवालही आता खाडीपलीकडे पोचेल एवढ्या जोरात निघेना, आणि दुसऱ्याला हिराजी नुसते ओठ हलवी. कधी कधी तो एकटाच होडी घेऊन भर समुद्रात जाई आणि ते शब्द म्हणून बघे. तिथं ऐकायला चिटपाखरू नसे, तरी आवाज फुटत नसे.

अशाच एका शपथेच्या दिवशी तिवरबेटावर येसूबाय शेजारणीबरोबर जाळं विणत बसली होती. शेजारीण म्हणाली, "आज मोरवण्याचा सण ना गं? मग शपथ कशी ऐकू येत नाही?"

"पूर्वी शब्द यायचे," येसूबाय म्हणाली. "आता नुसता ढोल येतो."

तात्पर्य: जो दुसऱ्यावर न विचारता हुकूम चालवतो, त्याला स्वतःच्या स्वातंत्र्याची शपथ मोकळ्या गळ्यानं घेता येत नाही.